निरोगी अंगाचा नमुना

१२ फेब्रुवारी

चि. गुंड्या,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल. फोन केला की तू कापतोस. पत्र कापता येत नाही, फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू दोन ओळी वाचणारच, एवढी मी तुला तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. म्हणून कामाचं आधी लिहिते. तू एकदा सगळं अंग तपासून घे. डोक्यापासून पायापर्यंत.

आता राग. बाबा गेल्यावर तू म्हणालास, ताई, नोकरी सोड आणि आमच्याकडे राहायला ये. मी नाही म्हटलं. त्यावर तू म्हणालास, परक्यांची अंगं उचलायला चालतात आणि भावाचं घर चालत नाही, आता तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. तो शब्द तू इतकी वर्षं पाळलास, शाबास. पण शब्द पाळायला माणूस जिवंत लागतं, म्हणून तपासून घे म्हणते.

आमच्या स्कॅन सेंटरात नवीन प्रकार आलाय. मशीन तेच जुनं, बोगद्यासारखं. माझं कामही तेच. आलेल्या माणसाच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून घ्यायचं, टेबलावर नीट निजवायचं, गुडघ्याखाली उशी, कानात बोळे, आणि हातात रबरी फुगा द्यायचा. मी सगळ्यांना एकच सांगते, भीती वाटली तर हा दाबा, मी येते. नवीन काय, तर फोटो निघाले की ते आधी संगणक बघतो, आणि अंगात जिथे त्याला काही वेगळं वाटेल तिथे पिवळं कडं काढतो. मग फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई त्या कड्याकडे निरखून बघतात.

तो बसवायला कंपनीचा इंजिनिअर आलाय. आम्ही त्याला चष्मेवाला म्हणतो. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, चहात बिस्कीट बुडवून विसरणारा. त्याला संगणकाला शिकवायला निरोगी माणूस हवं होतं. ज्याच्या अंगात काही नाही, त्याच्यावर एकही कडं येता कामा नये, म्हणजे तो शिकला, असा हिशोब. आमचा टेक्निशियन म्हणाला, मावशींना निजवा, यांनी कधी आजारपणाची रजा घेतली नाही. बघ, निरोगीपणाचा दाखला! जी माणसं रजा घेत नाहीत ती का घेत नाहीत, हे कुणी विचारत नाही.

मी पडले. या मशीनमध्ये नुसतं चुंबक असतं, किरण नसतात, कितीदाही पडलं तरी चालतं. आत पत्र्यांवर हातोडे बडवावेत तसा आवाज. आणि गुंड्या, मला झोप लागली. घोरले म्हणे. दिवसभर उभं राहिल्यावर टेबल मिळालं, ऊबदार चादर मिळाली, कुणी हाक मारणार नाही याची खात्री मिळाली, मग काय. तेव्हापासून चाचणी असली की मीच. मी हलत नाही, फोटो काचेसारखे येतात. माझी फाइल रुग्णांत नाही, चाचणीच्या कप्प्यात 'निरोगी नमुना' म्हणून आहे, डॉक्टरीणबाईंपुढे ती जातच नाही. टेक्निशियन येताजाता म्हणतो, आमच्या मावशी म्हणजे एक नमुनाच.

एवढंच की माझ्या पाठीशी, उजव्या बाजूला, एक कडं येतंच. दर वेळी, त्याच जागी. चष्मेवाला डोकं धरून बसतो. म्हणाला, "मावशी, तुमच्यापायी माझं मशीन नापास होतंय." मी म्हटलं, बाबा रे, नवी सून आहे, दिसेल त्या भांड्याला नावं ठेवणार. वळण लागेल हळूहळू.

तर, कर्मचाऱ्यांच्या नात्यातल्यांना कंपनी तपासणी फुकट देते. तुझ्या गावातही याच मशीनचं सेंटर आहे. चिठ्ठी सोबत जोडलीय. बाबांना लघवीतून रक्त जात होतं ते त्यांनी किती महिने कुणाला कळू दिलं नाही, आठव. अंगावर काढायची आपल्या घराची खोड आहे.

वहिनीला आशीर्वाद. तिला म्हणावं, तुला धरून ने.

तुझी ताई


५ मार्च

चि. गुंड्या,

तुझं कार्ड आलं. 'तपासलं. काही नाही. आता पत्रं नकोत.' किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं! अजून 'त' पोट सुटल्यासारखा काढतोस. कार्ड मी उलटंपालटं करून बघितलं, मागे काही असेल म्हणून. मागे पोस्टाचा शिक्का.

काही नाही म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, हे तुला इथे माझ्या खुर्चीत बसल्यावर कळेल. बाहेरच्या बाकावर माणसं बसतात, रिपोर्टाची पाकिटं हातात. ज्याच्यावर कडं आलं तो माणूस बसल्या जागी म्हातारा होतो. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला एक बाई कडं बघून उठेचना. डॉक्टरीणबाई तिला समजावून थकल्या की ते जुन्या मोडलेल्या बरगडीचं आहे, काही नाही. बाई म्हणाली, काही नाही तर काढलं कशाला. बरोबर आहे तिचं. शेवटी मी तिला माझं सांगितलं. म्हटलं, बाई, माझ्यावरही येतं एक, मी ते घेऊन रोज भांडी घासते. तेव्हा उठली.

आता मात्र माझ्यावर येत नाही. चष्मेवाल्याने संगणकाला शिकवलं की असं दिसलं तर ते धरू नये. तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी पडले, झोपले, उठले, तर काचेपलीकडे सगळे टाळ्या वाजवत होते. अख्खं अंग कोरं. त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि तो सुधारलेला संगणक सगळ्या सेंटरांना पाठवला. कामही हलकं झालंय. कडं असलं की डॉक्टर नीट बघतात. नसलं की वरवर नजर फिरवून सही करतात, कारण रांग दारापर्यंत असते. दमतात बिचाऱ्या. मीही दमते. संध्याकाळी पाठ बोलते माझ्याशी, उजवीकडून. म्हातारपण दुसरं काय, उठताना हातांनी गुडघ्यांची विनवणी करावी लागते.

तू कोरा आहेस हे वाचून मी दिवसभर लोकांना उगाच दोन दोन उशा देत होते.

पत्रं नकोत म्हणालास ते वाचलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तुझी ताई


१९ एप्रिल

चि. गुंड्या,

हे पत्र लहान आहे, नीट वाच.

पुन्हा तपासून घे. त्या सेंटरात नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, आणि फोटो संगणकाने नाही, माणसाने बघावेत असं सांग. दोन्ही किडन्या बघा म्हणावं. आधीचे फोटो बरोबर ने. बाबांचंही सांग.

कारण विचारू नकोस. काळजी करण्यासारखं काही नाही. मोठी बहीण सांगते म्हणून जा. तुला खोकला झाला की मी काढा द्यायचे, तेव्हा काय कारण विचारत होतास? नाक धरून घ्यायचास.

मी बरी आहे.

ताई


२ मे

चि. गुंड्या,

वहिनीचा फोन आला होता. तिने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, मी सांगायला लावले. 'ताईला मशीनने झपाटलंय. आधी जा म्हणाली, गेलो. कोरा निघालो. आता म्हणते पुन्हा जा. उद्या म्हणेल मशीनशीच लग्न कर.' हसले मी.

वहिनीने आणखी एक सांगितलं, की तू हल्ली कमरेला हात लावून उठतोस आणि विचारलं की खेकसतोस.

तर कारण सांगते. एप्रिलात आमच्याकडे एक गवंडी आला. संगणकाने त्याला पास केलं, एकही कडं नाही. त्या दिवशी नेमकी रांग लहान होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याचे फोटो सावकाश बघितले. त्यांना किडनीत गाठ दिसली. चांगली लिंबाएवढी. त्यांनी चष्मेवाल्याला बोलावलं आणि विचारलं, "हे तुमच्या यंत्राला दिसत नाही?" तो म्हणाला दिसायला हवं. बसला शोधत. दोन दिवस जेवायला उठला नाही. डबा माझ्याकडेच होता त्याचा, मी गरम करून नेऊन ठेवायचे, तसाच परत यायचा.

शेवटी सापडलं. संगणकाला शिकवताना निरोगी म्हणून जो माणूस घेतला होता, तो निरोगी नव्हता. त्याच्या किडनीतच गाठ होती. यंत्र बिचारं दर वेळी कडं काढून ओरडत होतं, आणि हे सगळे त्याला गप्प बस म्हणत होते. शेवटी ते गप्प बसलं, आणि तशा प्रत्येक गाठीपुढे गप्प बसायला शिकलं. माझ्या सेंटरातही आणि तुझ्याही. कुणालाच वाटलं नाही की ते खरं बोलत असेल.

म्हणून तुझ्या कोऱ्या रिपोर्टाला अर्थ नाही, गुंड्या. ज्याने तुला पास केलं त्याला नेमकं तेच बघू नकोस म्हणून सांगितलेलं होतं.

आता कळलं ना कारण? मग जा. माझ्यावरचा राग तिथल्या बाकावर बसून कर, तिथे वेळ भरपूर असतो.

ताई


१० मे

चि. गुंड्या,

वहिनीचा पुन्हा फोन. तू गेला नाहीस. म्हणालास, कुठल्या कोण माणसाच्या गाठीचा माझ्याशी काय संबंध, लाखांत एखाद्याला असतं, ताईला उगाच सगळ्यांचा घोर.

मला हे तुला लिहायचं नव्हतं. मी बरी आहे असं लिहीत राहिले, कारण तू माझी कीव करत यावंस यापेक्षा रागावून तिकडे बसावंस हे मला बरं वाटत होतं. पण तू मला पुरता ओळखून आहेस. मी गोष्ट अर्धी सांगतेय हे तुला वास आल्यासारखं कळतं, आणि मग तू ऐकतच नाहीस. तर उरलेली अर्धी ही घे.

तो निरोगी माणूस मी. आठवतं ना, तुला फेब्रुवारीत गंमत म्हणून लिहिलं होतं, पाठीशी उजवीकडे कडं येतंच?

चष्मेवाला ते सांगायला आला तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होते. दारात उभा राहिला. पुढे येईना. मी म्हटलं, ये, दुसरं टोक धर. त्याने टोक धरलं. आम्ही चादर ताणली, आणि त्या चादरीच्या पलीकडून तो म्हणाला, "मावशी, ते तुमचं होतं. खरं होतं. मीच पुसलं."

चादर सोडली नाही त्याने. आम्ही घडी पुरी केली. मग मी त्याला बसवलं आणि पाणी दिलं. दोन मुलांचा बाप, पण त्या क्षणी मला तो शाळेत पाटी फोडून आलेल्या पोरासारखा दिसला. मी म्हटलं, अरे, मी स्वतः टाळ्या ऐकून हसले होते, तू एकट्याने कुठे पुसलंस. कंपनीतल्या वरच्यांचं म्हणणं होतं की आधी पुरावा हवा, म्हाताऱ्या माणसाच्या किडनीत काय वाट्टेल ते असतं, साधी पाण्याची पिशवी असेल. त्याने त्यांची वाट बघितली नाही. आपल्या सहीने सगळ्या सेंटरांना कळवून टाकलं की फेब्रुवारीपासूनचे फोटो माणसांनी पुन्हा बघा. त्यांच्या मनात असेल तर त्याची नोकरी जाईल. कुठल्या सेंटराने पाळलं, कुठल्याने कागद खाली दाबला, ते आम्हाला इथून कळायला मार्ग नाही. तुझ्या सेंटरातून तुला काही बोलावणं आलं नाही, म्हणजे बघ.

डॉक्टरीणबाईंनी माझे फोटो समोर लावले आणि मला सगळं दाखवलं. मला त्यातलं ढग आणि सावल्या यापलीकडे काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, मावशी, काढावी लागेल, उशीर झालाय पण फार नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी बाबांच्या किडनीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाप आणि मुलगी, दोघांना एकाच जागी. भाऊ आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, आहे.

असं किती दिवसांनी कुणाला सांगितलं मी, भाऊ आहे म्हणून. आहे, पण रुसलाय, हे पुढचं नाही सांगितलं.

खरं विचारशील तर माझ्या एकटीपुरतं असतं तर मी काढलीही नसती. दमलेय रे. आयुष्यभर दुसऱ्यांना टेबलावर चढवलं, उतरवलं, आता स्वतः चढायचं म्हटलं की पाय जड होतात. पण ती गाठ बाहेर काढून प्रयोगशाळेत गेली की कागदावर लिहून येईल ती काय होती, आणि मग कंपनीला ती पाण्याची पिशवी म्हणता येणार नाही. चष्मेवाला वाचेल, ते कागद दाबून बसलेले सेंटरवाले हलतील. म्हणून जूनच्या पहिल्या सोमवारी काढून टाकतेय.

तू त्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी येऊ नकोसच. शब्द दिलायस तो राहू दे. पण स्वतःसाठी जा. मी गेले तर तू चार दिवस वाईट वाटून घेशील आणि शेवटी म्हणशील, ताई हट्टी होती. तू गेलास तर मी कुणावर रुसू?

आता यात काही लपवलेलं नाही. झाडून सगळं लिहिलंय.

तुझी ताई


२८ मे

चि. गुंड्या,

काय गंमत आहे बघ. मी काचेच्या अलीकडे बसलेय, तू पलीकडे बोगद्यात आहेस, आणि मी तुला पत्र लिहितेय. समोरासमोर आपल्याला बोलता येत नाही हे सकाळी कळलंच. तू आलास, वहिनी मागे पिशवी घेऊन. मी दारात उभी. तू माझ्याकडे न बघता वरच्या पाटीकडे बघत म्हणालास, "हे तुझं दार नाही. सेंटरचं आहे." मी म्हटलं, हो, सेंटरचंच. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मग तू आत आलास.

मोठ्या दवाखान्यात का गेला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणालास, तिथे ओळखीचं कोण आहे.

तुझं घड्याळ काढून घेतलं, पट्टा काढून घेतला. अंगठी निघेना, साबण लावावा लागला. बोटं बाबांसारखी जाड झालीत तुझी. गुडघ्याखाली उशी दिली. फुगा हातात दिला आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. तू म्हणालास, मला नाही भीती वाटत. मी म्हटलं, कुणालाच वाटत नाही, तरी धर.

आता डोकं झालंय, छाती झालीय. फोटो वरून खाली येतात. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्यात, रांग बाहेर थांबवून ठेवलीय. चष्मेवाला त्यांच्या मागे उभा आहे. पुसलेलं कडं त्याने परत शिकवलंय संगणकाला, पण आज आधी डॉक्टर बघणार आणि मग संगणक, असं त्यांनी बजावलंय. मी पडद्याकडे बघत नाही. त्यातलं मला कळत नाही. मी बाईंच्या मानेकडे बघतेय. काही दिसलं की त्यांची मान किंचित पुढे जाते, हे मात्र मला माहीत आहे.

मान पुढे गेलीय. लिहीत राहते. पोटाचा भाग चालू आहे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. डावीकडे. चष्मेवाल्याने कळ दाबली, आणि त्यांच्या बोटाच्या आजूबाजूने पिवळं कडं आलं, अगदी त्याच जागी. त्याने डोळे मिटून घेतले.

बाई माझ्याकडे वळल्यात. म्हणाल्या, "लहान आहे मावशी. अगदी वेळेत आलेत."

इथे पान अर्धं सुटलंय. पुढचं घरी लिहितेय. तू माझ्याच दाराच्या आत, पलीकडच्या खोलीत आहेस, चहात साखर कमी पडली म्हणून वहिनीशी वाद घालतोयस. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तू आतच होतास. पण बोगद्यातून तुला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते. हे पोस्टात टाकणार नाही. तुझ्या चपलेत ठेवीन, म्हणजे वाचल्याशिवाय निघता यायचं नाही.

मांड्यांचा भाग सुरू झाला होता आणि घंटा वाजली. फुगा. टेक्निशियन मशीन थांबवत म्हणाला, आता काय झालं यांना, संपतच आलं होतं. मी धावले. माझ्या वयात धावणं म्हणजे काय ते तुला कळेल. आत आले तर तुझे फक्त पाय बाहेर. मी अंगठा धरला, दुसरं हाताला लागेल असं काही नव्हतं. विचारलं, काय होतंय?

आतून तुझा आवाज आला, "काही नाही. दाबल्यावर खरंच येतेस का, बघितलं."

तू अंगठा सोडवून घेतला नाहीस. मग तू विचारलंस, "दिसलं का?"

किती सोपं होतं नाही म्हणणं. सगळं आयुष्य टेबलाशी उभं राहून लोकांना 'काही नाही, पडून राहा' म्हणत आलेय. पण तुला लिहिलं होतं ना, आता काही लपवायचं नाही. म्हटलं, दिसलं. डावीकडे आहे. वेळेत आहे. माझ्यापेक्षा बरंच लहान.

मग तू म्हणालास, "असणारच. तू आधीपासून मोठी."

मी हसले, आणि हसता हसता पाठ दुखली, उजवीकडे. तूही हसलास, कारण तुझे पाय हलले. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून टेक्निशियन ओरडला की पेशंट हलले, सगळं बिघडलं, मावशी, हा भाग आता पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल.

घे म्हटलं. आम्हाला घाई नाही.